जास्त कोणी दिले

शनिवारी वाफेच्या स्नानासाठी सौना पेटला की रौतिओंच्या घरात त्या दिवशी भांडण करायचे नाही, हा नियम कोणी घातला हे कोणालाच सांगता येत नसे. पण तो मोडल्याचेही कोणाला आठवत नव्हते. याचा अर्थ घरातली माणसे शांत स्वभावाची होती असा मुळीच नव्हे. भांडण शुक्रवारी उरकून घ्यायचे, किंवा रविवारच्या प्रार्थनेनंतर सुरू करायचे, एवढाच त्याचा अर्थ. यंदा मार्चची पहिली तारीख शनिवारी आली, आणि कॉलेजच्या पत्राने नेमकी तीच तारीख दिली होती; त्यामुळे घराण्याचा नियम आणि कॉलेजचा नियम एकाच दुपारी समोरासमोर उभे राहिले.

पत्र गुरुवारी आले होते, आणि मार्लिसने ते तेव्हापासून सात-आठ वेळा वाचले होते. मार्लिस ही म्हाताऱ्या एन्सिओची थोरली मुलगी. सव्वीस वर्षे गावच्या शाळेत शिकवत आलेली. घरातला कोणताही सरकारी कागद तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. भाची काइसा हिचा कॉलेजच्या मदतीचा अर्जही तिनेच शेजारी बसून भरून घेतला होता. आई-बाप विभक्त असतील तर मूल ज्याच्या घरी जास्त राहते त्या पालकाची माहिती द्यायची, हा नियम तिला पाठ होता, आणि त्या नियमाने तिने शाळेतल्या कित्येक मुलांचे अर्ज भरले होते. काइसा आईकडे, डेनिसकडे, राहत होती, म्हणून अर्जात आईचे नाव गेले. नियम मध्यंतरी बदलला होता. सरकार आता निराळेच विचारत होते: गेल्या बारा महिन्यांत मुलीसाठी जास्त पैसे कोणी दिले?

ही चूक कदाचित कोणाच्या लक्षातही आली नसती. परंतु लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांच्या संघटनेची एक लहानशी शिष्यवृत्ती होती, आणि तिच्या अर्जात पालकाने चार ओळी लिहायच्या होत्या. त्या ओळी काइसाच्या बापाने, म्हणजे मार्लिसचा भाऊ वेन याने, स्वतःच्या हाताने लिहिल्या: घटस्फोट झाला असला तरी मुलीचा बहुतेक खर्च मीच करतो, आणि रौतिओंनी आजवर कोणापुढे हात पसरलेला नाही. संघटनेने शिष्यवृत्ती मंजूर केली आणि सगळे कागद कॉलेजच्या आर्थिक मदत कचेरीकडे धाडले. एकाच मुलीचे दोन कागद एकाच टेबलावर आले. एक म्हणत होता आई, दुसरा म्हणत होता बाप. अशी विसंगती एकदा नजरेस पडली की ती सोडवल्याशिवाय कचेरीला पुढे पाऊल टाकता येत नाही. म्हणून पत्र आले: खरे काय ते सांगणारे, दोघांच्या सह्यांचे निवेदन पाठवा, एक मार्चपर्यंत फाइल पूर्ण झाली तर पहिल्या वाटपात तुमचा विचार होईल.

दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरात पाच माणसे होती आणि एन्सिओखेरीज एकही धड बसलेले नव्हते. मार्लिस पत्र घेऊन टेबलाभोवती फिरत होती. वेन खिडकीशी उभा राहून छपरावरून घसरणाऱ्या बर्फाचे गठ्ठे बघत होता. डेनिस दाराजवळच्या बाकावर, सहाच्या पाळीला पोचायचे आहे असे दोनदा सांगून झाल्यावर, तिसऱ्यांदा सांगण्याच्या तयारीत होती. काइसा आजोबांना मोयाक्का वाढत होती. माशांचा तो रस्सा एन्सिओला शनिवारी लागेच.

एन्सिओचे म्हणणे साधे होते. पैसा सरकारचा, मग मध्ये कॉलेज अडवणारे कोण?

"पा, पैसा दोन तऱ्हेचा आहे," मार्लिस म्हणाली. "एक अनुदान असं, की तुमची परिस्थिती नियमात बसली की ते मिळतंच, कुठल्याही कॉलेजात जा. आपण बोलतोय ते दुसरं. यात सरकार दर वर्षी एकेका कॉलेजला ठरलेली रक्कम देतं आणि सांगतं, तुमच्याकडच्या सगळ्यांत गरजू पोरांना तुम्हीच वाटा. ती संपली की संपली. मग तुम्ही कितीही गरजू असा."

एन्सिओने चमचा हवेतच थांबवला आणि क्षणभर विचार केला. "म्हणजे गावच्या हॉलमधल्या जेवणाचं पातेलं. लवकर आला त्याला मासा, उशिरा आला त्याला बटाट्याचं पाणी."

"वाढणाऱ्यानं आधी भुकेल्याला वाढावं असा नियम आहे. पण भुकेलं कोण, हे त्याला आज कळायला हवं ना."

मग तिने पुढचेही समजावले, कारण समजावण्यास आरंभ केल्यावर मध्येच थांबणे तिच्या स्वभावात नव्हते. तिच्या तरुणपणी या पातेल्यात तिसरी एक वस्तू होती: कॉलेजच्याच हातून मिळणारे, कमी व्याजाचे कर्ज. ते तिने घेतले होते, आणि ती शिक्षिका झाल्यामुळे दर वर्षी थोडे थोडे माफ होत पाच वर्षांत सगळे गेले. ते कर्ज आता सरकारने बंद केले. दोनच गोष्टी उरल्या. एक, गरजूंसाठीचे जादा अनुदान. दुसरी, काम. सरोवराच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काइसाला जागा मिळण्यासारखी होती; तिथल्या प्राध्यापिकेने तिला तसे कळवलेही होते, मात्र ज्या विद्यार्थ्याचा पगार बहुतांशी सरकार उचलते असाच विद्यार्थी तिला परवडत होता. मार्लिस ती कमाई मनातल्या मनात फीमधून वजा करून मोकळी झाली होती. काइसाने तिला हळूच दुरुस्त केले, की आत्या, ते पैसे फीमधून कापत नाहीत. मी तास भरले की मला पगार म्हणून मिळतात. मार्लिसला ही दुरुस्ती आवडली नाही, कारण त्या आठवड्यातली ती दुसरी होती.

हे दोन्ही मिळाले तर काइसा ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार होती. न मिळाले तर ती इथेच राहणार होती, आणि आई कामाला होती त्याच वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिला काम लागणार होते. तिथल्या व्यवस्थापिकेने तशी चौकशीही केली होती. यात लपवण्यासारखे काही नव्हते; ते टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होते.

आणि मिळणे-न मिळणे अर्जात कोणाचे नाव राहते यावर अवलंबून होते. सरकार दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न पाहते. त्या वर्षी वेनने आपला मोठा ट्रक आणि लाकूड उचलण्याचे यंत्र विकले होते, म्हणून कागदावर तो त्या एका वर्षापुरता सधन माणूस होता. तो सधनपणा यंत्राच्या हप्त्यांत कधीच विरघळला. पुढे गेल्या मे महिन्यात लाकूड घेणारा कारखाना बंद पडला, आणि आता तो दुसऱ्याच्या गाडीवर आठवड्यातून तीन दिवस जात होता. पण कागद दोन वर्षांपूर्वीचा. वेनचे नाव लागले तर कॉलेजच्या दृष्टीने काइसा गरजूंच्या रांगेत कोठेच नव्हती.

"तेव्हा प्रश्न अगदी साधा आहे," मार्लिसने कागद डेनिससमोर ठेवला. "राहायला तुझ्याकडे, खायला तुझ्याकडे. जास्त तू दिलंस. तू लिही, वेन खाली सही करेल."

डेनिसने कागदाला हात लावला नाही.

"मी नाही लिहिणार."

"का?"

"कारण ते खरं नाही." तिने वेनकडे पाहिले नाही, ती मार्लिसशी बोलत होती. "मी काल बसून सगळं मोजलं. घरभाडं, वीज, जेवण, सगळं. तरी याचंच जास्त भरतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाकीट येतं, एकदाही चुकलं नाही. वर गाडीचा विमा, वर दातांचा खर्च. या माणसाशी माझं शंभर गोष्टींत पटलं नाही, मार्लिस, तुला माहितीय. पण मुलीसाठी यानं काही केलं नाही, असं सही करून मी सांगणार नाही."

रौतिओ घराण्यात आलेल्या कोणत्याही सुनेने नवऱ्याची बाजू इतक्या ठामपणे आजवर घेतली नसेल. आणि ती घेतली गेली ती घटस्फोटानंतर सहा वर्षांनी, आणि नेमकी घेऊ नये त्या दिवशी. मार्लिसला तो निव्वळ हट्ट वाटला. तिने निराळ्या शब्दांत तेच पुन्हा मांडले. डेनिसने तेच उत्तर पुन्हा दिले. आवाज चढू लागले तसा एन्सिओ उठला आणि म्हणाला की सौना तापला आहे, पुरुषांची पाळी आधी, वेन, चल.

सौनाच्या फळीवर बाप-लेक शेजारी शेजारी बसले. गरम दगडांवर पाणी टाकण्याचे काम म्हाताऱ्याचे, आणि तो ते नेहमीपेक्षा सढळ हाताने करत होता. वेनला श्वास घेणे जड जात होते. वाफेमुळेच, असे तो स्वतःला सांगत होता.

जूनपासूनची पाकिटे त्याची नव्हती. कारखाना बंद पडल्यावर पहिल्याच महिन्यात तो रिकाम्या हाताने बापाकडे आला, तेव्हा एन्सिओने काही न विचारता पैसे पुढे केले आणि एवढेच सांगितले की पाकिटावर नाव तुझे घाल, घरात कोणाला कळायचे कारण नाही. जुलैत तसेच झाले. ऑगस्टपासून मागावेही लागले नाही. पाकीट दारामागच्या फळीवर ठेवलेले असे. आपण खोटे बोललो असे वेनला कधी वाटले नव्हते, कारण तो काही बोललाच नव्हता. परंतु नोव्हेंबरात संघटनेचा अर्ज आला, त्या चार ओळी लिहायची वेळ आली, आणि न बोललेले खोटे त्याने स्वतःच्या अक्षरात उतरवले.

"तुम्ही सांगा ना डेनिसला," तो अखेर म्हणाला.

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तुला."

"मग मी तुम्हाला मोकळं करतो."

एन्सिओने पाण्याचा आणखी एक तांब्या दगडांवर रिकामा केला आणि वाफ खाली येईपर्यंत थांबला. "तू मोकळं केलंस तर सांगणारा मी होईन. मग उद्यापासून या घरात मी भला आणि तू नालायक. ते मला नकोय."

वेनने आणखी एक वाट शोधून पाहिली. ते पैसे आपण बापाकडून उसने घेतले असे धरले, तर ते आपलेच ठरतात. मग डेनिस म्हणते तेच खरे, आणि कोणाला काही सांगण्याची गरज उरत नाही. मग मुलीलाही काही मिळत नाही, हे त्याच्या तोंडून वाक्य पुरे व्हायच्या आत त्याच्याच लक्षात आले. तरी त्याने ते बोलून दाखवले.

"उसने नव्हते," एन्सिओ म्हणाला. "परत घेणार नाही हे तेव्हाच सांगितलं होतं. नातीला दिले. तू फक्त नेऊन पोचवलेस."

वेन फळीवरून उतरला, दारापर्यंत गेला आणि पुन्हा वर येऊन बसला. त्याने बापाला विचारले की हे सगळे माहीत असताना दुपारभर तुम्ही रस्सा खात कसे बसलात. एन्सिओ म्हणाला की भूक लागली होती.

इकडे डेनिस आत-बाहेर करत होती. ती गाडीपर्यंत जाऊन आली, काच साफ करून आली, घड्याळ पाहून आली. आपण बरोबर वागलो यात तिला शंका नव्हती. पण बरोबर वागण्याचा भुर्दंड मुलीने भरायचा, ही गोष्ट तिला कोठे ठेवावी ते कळत नव्हते. काइसा भांडी पुसत होती. तिने आईला एकदाच सांगितले की मॉम, तू खोटं लिही असं मी म्हणणार नाही. आणि मग तेच ताट दुसऱ्यांदा पुसायला घेतले. डेनिसला वाटले, पोरीने भांडण केले असते तर बरे झाले असते. भांडणाला उत्तर तरी देता येते. चार वाजत आले होते. मार्लिसने टेबलावर कोरा कागद आणि पेन नीट समांतर मांडून ठेवले, आणि कोणी लिहिणार नसेल तर मीच मसुदा करते, असे त्या कागदालाच ऐकवले.

पुरुष परत आले तेव्हा दोघांच्या अंगातून वाफ निघत होती. वेन टेबलाशी आला, खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"जूनपासूनची पाकिटं माझी नव्हती," तो म्हणाला. "नाव माझं होतं. पैसे यांचे." बापाकडे त्याने पाहिले नाही, मान तेवढी त्या बाजूला कलली.

मार्लिसने एन्सिओकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही हे पाहून तिला सगळे समजले.

"विमा?" डेनिसने विचारले.

"तोही."

"दात?"

"दातांचे निम्मे माझे. बाकीचे यांचे."

डेनिस उभी राहिली. "नऊ महिने. पाकीट आलं की मी मनात म्हणायचे, निदान एवढं तरी हा करतो. नऊ वेळा म्हटलं मी. आता ते कुठे परत घेऊ?" मग ती म्हाताऱ्याकडे वळली. "आणि एन्सिओ, तुम्ही दर आठवड्याला दुकानात भेटता. एका शब्दानं बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस," एन्सिओ म्हणाला.

मार्लिसला हसू फुटले. ते तिने खोकल्यात दडवले, पण नीट दडले नाही.

डेनिस हसली नाही. "आज मी तुझ्या बाजूनं बोलले, वेन. सगळ्यांसमोर. माझ्या पोरीच्या विरुद्ध."

"ऐकलं," वेन म्हणाला. "तेच ऐकवेना."

डेनिसकडे यावर जे उत्तर होते ते शनिवारी देण्याजोगे नव्हते. ती बाकावर जाऊन बसली आणि पुन्हा उठली.

मार्लिसने पेन उचलले आणि वाक्य सांगायला सुरुवात केली: आम्ही खाली सह्या करणारे. वेनने तिच्या हातातून पेन काढून घेतले. पहिल्या वेळीही मीच लिहिले होते, तो म्हणाला. संघटनेलाही कळवावे लागेल, कदाचित त्यांची शिष्यवृत्ती जाईल, असे मार्लिस म्हणाली. तिला गप्प राहणे जमत नव्हते. वेनने मान वर न करता सांगितले की सोमवारी तो स्वतः जाईल.

तो लिहीत असताना काइसा त्याच्या मागे उभी होती. ट्रकचे मोठे चाक फिरवून जाड झालेल्या त्या बोटांत पेन काडीसारखे दिसत होते. लहानपणी याच बोटांनी तिच्या बुटांच्या नाड्या बांधताना त्याचा जीव मेटाकुटीला येई. त्याने दोन ओळी लिहिल्या, एक शब्द खोडला, कागद फाडला, दुसरा घेतला. छपरावरून बर्फाचा आणखी एक गठ्ठा धपकन खाली आला आणि सगळे एकदम दचकले.

लिहून झाल्यावर त्याने कागद तिच्या हातात दिला. माझे अक्षर कचेरीतल्यांना लागेल की नाही कोण जाणे, तो म्हणाला. तू वाचून बघ. ती मनात वाचू लागली.

"मोठ्यानं," वेन म्हणाला. "सगळ्यांना ऐकू दे."

काइसाने वाचले. "मी, वेन रौतिओ, नोव्हेंबर महिन्यात असे लिहिले होते की मुलीचा बहुतेक खर्च मी करतो." ती थांबली.

"पुढे."

"ते खरे नव्हते. जून महिन्यापासून माझ्या नावाने गेलेले पैसे माझ्या वडिलांनी आपल्या नातीसाठी दिले. मी ते फक्त पोचवले. गेल्या बारा महिन्यांत आम्हा दोघांपैकी मुलीसाठी जास्त तिच्या आईने दिले. मला हे कोणी लिहायला सांगितलेले नाही."

शेवटच्या वाक्याची कचेरीला गरज नव्हती. मार्लिस ते खोडायला सांगणार होती, पण तिने तोंड उघडले आणि मिटले. डेनिसने येऊन वेनच्या नावाखाली सही केली. सही करताना तिने कागद दाबून धरण्यासाठी डावा हात ठेवला, तो वेनच्या हाताला लागला, आणि दोघांनीही हात लगेच काढून घेतले.

फोनला सिग्नल फक्त कोठीच्या खिडकीशी मिळत असे. काइसा तिथे उभी राहिली. कागदाचा पहिला फोटो हलला, दुसरा आला. कॉलेजच्या संकेतस्थळावर तो चढवताना एक गोल चक्र फिरत राहिले, थांबले, पुन्हा फिरू लागले. पाठीमागे कोठीच्या दारात सगळे जमले होते. एन्सिओने विचारले की गेले का. मार्लिसने त्याला थांबायला सांगितले. डेनिस घड्याळ बघत होती. वेन बघत नव्हता.

"पोचलं," काइसा म्हणाली. "फाइल पूर्ण, असं दाखवतंय."

डेनिस गाडीची किल्ली शोधू लागली. मार्लिसने सावधपणे आठवण करून दिली की फाइल पूर्ण होणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे. ते आता वाटप करणाऱ्यांच्या हाती. पातेल्यात या वर्षी किती आहे, आणि आपल्यापुढे किती जण उभे आहेत, हे कोणालाच ठाऊक नाही. ही गोष्ट तिने जरा जास्तच स्पष्ट करून सांगितली, तरी कोणी तिला थांबवले नाही.

माणसे स्वयंपाकघराकडे परतली. वेन तेवढा कोठीच्या दारात राहिला.

"कधी कळेल?" त्याने विचारले.

"एप्रिलच्या मध्याला."

वेन दाराच्या चौकटीला टेकला. "आणि नाही मिळालं तर?"

काइसाने फोन खिशात टाकला. खोटा धीर देणे सोपे होते, आणि दुपारी दोन वाजता तिने कदाचित तो दिलाही असता.

"तर पैसे संपले म्हणून नाही मिळालं, डॅड," ती म्हणाली. "तुझ्यामुळे नाही."

वेनने मान हलवली. तो आत गेला, टेबलाशी जाऊन खुर्चीवर बसला, आणि या खेपेस उठला नाही.